राउटर सरकवण्याआधी हर्ट्झला भेटा

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. उद्या सकाळी ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे आणि तुम्ही मोबाइल हातात धरून घरभर फिरताय. हॉलमध्ये सिग्नल फुल्ल, बेडरूमच्या दारात अर्धा, आणि जिथं टेबल मांडून बसायचं ठरवलंय तिथं स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय. घरच्यांना वाटतं, तुमचं काहीतरी हरवलंय. तुम्ही मनातल्या मनात इंटरनेट कंपनीचा उद्धार करताय.

जरा थांबा. तुम्ही आत्ता जे करताय, जवळपास तेच १८८८ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात एकतीस वर्षांचा एक प्राध्यापक करत होता. त्याच्या हातात मोबाइल नव्हता, तारेचं एक कडं होतं. कड्याला एका जागी बारीकशी फट होती. लेक्चर हॉलमध्ये अंधार केलेला. कडं घेऊन तो हळूहळू सरकायचा आणि फटीत ठिणगी उडते का ते बघायचा. इथं उडाली. इथं नाही. पुढं सरकल्यावर पुन्हा उडाली. त्याचं नाव हाइनरिश हर्ट्झ. राउटरच्या खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं ना, त्यातला हर्ट्झ तो हाच.

हर्ट्झ जन्मला २२ फेब्रुवारी १८५७ ला, हॅम्बर्गमध्ये. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. पोरगा अभ्यासात हुशार, त्यातही भाषांचा नाद असा की शाळेतच अरबी शिकू लागला. पण पुस्तकांइतकाच तो लेथवरही रमायचा, लाकूड आणि धातूची कामं स्वतःच्या हातानं करायचा. पुढं तो प्राध्यापक झाल्याचं कळल्यावर त्याला लेथकाम शिकवणारा कारागीर हळहळला म्हणे, की एक उत्तम कारागीर फुकट गेला!

बारावीनंतर काय, हा प्रश्न त्यालाही सुटला नव्हता. आधी इंजिनीअरिंगची वाट धरली. म्युनिकला पोचल्यावर, विसाव्या वर्षी, लक्षात आलं की आपला जीव पदार्थविज्ञानात आहे. त्यानं घरी सविस्तर पत्र लिहून वाट बदलायची परवानगी मागितली. वडिलांनी ती दिली. घरी असं पत्र लिहायचं धाडस तुमच्यापैकी कितीजणांचं अजून व्हायचंय, ते तुमचं तुम्हाला माहीत!

१८७८ मध्ये तो बर्लिनला हेल्महोल्ट्झ या नामांकित शास्त्रज्ञाकडं शिकायला गेला. त्या काळी स्कॉटलंडच्या मॅक्सवेलनं कागदावर मांडलं होतं की वीज आणि चुंबकत्वाच्या लाटा असतात, त्या प्रकाशाच्याच वेगानं धावतात आणि प्रकाश हाही त्यातलाच एक प्रकार. गणित देखणं होतं, पण प्रयोगाचा पुरावा नव्हता. हेल्महोल्ट्झनं याच भागातला एक प्रश्न हर्ट्झला सुचवला. हर्ट्झनं हिशेब केला, हाताशी असलेल्या साधनांनी हे जमणार नाही असं दिसलं, आणि विषय बाजूला ठेवला. बाजूला ठेवला, सोडून दिला नाही.

१८८५ मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्याला प्राध्यापकी मिळाली. पुढच्याच वर्षी एलिझाबेथ डॉलशी लग्न झालं. त्याच वर्षी, वर्गात दाखवायच्या तारांच्या दोन वेटोळ्यांशी खेळताना त्याला दिसलं की एकीत ठिणगी पाडली की शेजारच्या दुसरीतही ठिणगी उडते. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. याला मात्र सात वर्षांपूर्वीचा तो बाजूला ठेवलेला प्रश्न आठवला.

मग त्यानं एका टोकाला ठिणग्या पाडणारं यंत्र ठेवलं. तो त्याचा राउटर म्हणा. समोरच्या भिंतीवर चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा बसवला. यंत्रातून निघालेली लाट पत्र्यावर आपटून परत यायची आणि येणाऱ्या लाटेत मिसळायची. काही ठिकाणी दोन्ही लाटा एकमेकींना जोर द्यायच्या, काही ठिकाणी एकमेकींना मारून टाकायच्या. कडं घेऊन फिरताना ठिणगी दिसायची आणि गायब व्हायची, ती याचमुळे. अशा दोन आंधळ्या जागांमधलं अंतर लाटेच्या लांबीच्या निम्मं असतं. म्हणजे आंधळ्या जागा मोजल्या की लाट मोजली! लाटा खरंच आहेत, याचा पुरावा त्याला असा सिग्नल नसलेल्या कोपऱ्यांनी दिला.

आता तुमच्या घरात या. हर्ट्झच्या त्या लाटा काही मीटर लांब होत्या. तुमच्या वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लाट असते साधारण साडेबारा सेंटिमीटरची. तिचं निम्मं सहा सेंटिमीटर. म्हणूनच कधी कधी लॅपटॉप वीतभर सरकवला तरी फरक पडतो. हल्लीचे राउटर एकापेक्षा जास्त अँटेना वापरून या गोंधळातूनही वाट काढतात, त्यामुळे आंधळे कोपरे हर्ट्झच्या हॉलइतके ठळक राहिलेले नाहीत. पण नाहीसे झालेले नाहीत. तेव्हा नवा राउटर मागवण्याआधी आहे तोच सरकवून बघा.

त्या हॉलमध्ये हर्ट्झला आणखी एक अडचण आली. हॉलमध्ये लोखंडी खांबांच्या दोन रांगा होत्या. खांबाखांबात मोकळी जागा होती, तरी त्या लांब लाटांना ती रांग आख्ख्या भिंतीसारखी वाटायची. पलीकडचा भाग प्रयोगातून वगळावा लागला. छताला टांगलेले गॅसच्या दिव्यांचे पाइपही त्यानं उतरवून ठेवले. आपल्या आरसीसीच्या फ्लॅटमध्ये भिंतींच्या आत लोखंडी सळ्या असतात, वर गोदरेजचं कपाट, फ्रिज, मोठा आरसा. राउटर नेमका टीव्हीच्या मागं किंवा कपाटाच्या आडोशाला ठेवलेला, कारण तो दिसायला बरा दिसत नाही! लाटेला तुमच्या इंटिरिअरचं कौतुक नसतं. राउटर उंचावर, उघड्यावर आणि घराच्या मध्याजवळ हवा.

१८८८ च्या अखेरीस हर्ट्झनं लाट आखूड केली, सुमारे ६६ सेंटिमीटरपर्यंत. जस्ताच्या पत्र्याला बाक देऊन दोन मोठे आरसे बनवले, एक पाठवायला, एक झेलायला. प्रकाशाचा झोत टाकतात तसा त्यानं न दिसणारा झोत टाकला. मग एकेक गोष्ट मध्ये आणून बघितली. लाकडी दार बंद केलं, तरी पलीकडच्या खोलीत ठिणगी उडाली. याचं त्यालाही नवल वाटलं. धातूचा पत्रा धरला, ठिणगी बंद. सहायक झोतासमोरून चालत गेला, तर तो आड येताच ठिणगी विझायची आणि बाजूला होताच परत यायची. म्हणजे माणसाचं शरीरही लाट अडवतं. राउटर आणि तुमच्यामध्ये आख्खं कुटुंब सोफ्यावर बसलं असेल, तर आता कारण कळलं ना?

मग त्यानं झेलणारा आरसा नव्वद अंशांत आडवा फिरवला. ठिणगी गेली. पाठवणाऱ्याचा आणि झेलणाऱ्याचा कल जुळला नाही, तर मधे काही आड नसूनही लाट हाती लागत नाही. राउटरच्या दांड्या वळवता येतात त्या यासाठीच. उभी दांडी चहूबाजूंना आडवी लाट फेकते, तिच्या टोकाच्या दिशेनं मात्र फारशी नाही. म्हणून एकाच मजल्यावरच्या घरात दांड्या उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही नेट हवं असेल तर एक दांडी आडवी करून बघा. आणि तुमचं नेट गच्चीवरच्या ५जी रिसीव्हरमधून येत असेल, तर तो म्हणजे हर्ट्झचा झेलणारा आरसाच समजा. त्याचं तोंड टॉवरकडं हवं, आणि मध्ये पत्र्याची शेड किंवा पाण्याची टाकी नको.

यंत्र आणि कडं यांचा सूर जुळलेला असावा लागतो, हेही हर्ट्झनंच दाखवलं. कड्याचं माप बदललं की ठिणगी मंदावायची. आज चॅनेल निवडणं हा त्याचाच पुढचा अवतार. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. बिल्डिंगमधले सगळे राउटर त्यातच कोंबलेले. सिग्नल फुल्ल आणि स्पीड शून्य, असं होतं ते बऱ्याचदा या गर्दीमुळे. ५ गिगाहर्ट्झला जागा जास्त, वेगही जास्त, पण भिंतीपुढं ती लाट लवकर दमते. म्हणून इंटरव्ह्यू असेल तर राउटरच्याच खोलीत बसा आणि ५ गिगाहर्ट्झ धरा. केबल लावता आली तर सगळ्यात उत्तम. केबल लावूनही स्पीड मिळत नसेल, तर दोष घराबाहेरचा. आता कंपनीला खुशाल फोन करा.

हे सगळं हर्ट्झनं जमवलं ते शिस्तीनं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दिसेल ते लिहून ठेवायचं. ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यानं कड्याची फट एकदा काळ्या पेटीत ठेवली, तर ठिणगी उलट आखूड झाली. त्यानं पेटीला दोष देऊन विषय संपवला नाही. महिनोन्‌महिने खपून शोधून काढलं, की पहिल्या ठिणगीतला अतिनील प्रकाश दुसरीला मदत करत होता. याच धाग्याचा उलगडा पुढं आइन्स्टाइननं केला आणि त्याला नोबेल मिळालं. हर्ट्झ चुकलाही. लाटेच्या वेगाच्या हिशेबातली त्याची चूक फ्रान्सच्या प्वांकारेनं दाखवून दिली, आणि हर्ट्झनं ती उघडपणे मान्य केली.

पण एक गोष्ट त्याला दिसली नाही. १८८९ मध्ये एका इंजिनीअरनं पत्रातून विचारलं, की या लाटांवरून टेलिफोन चालेल का? हर्ट्झनं कळवलं, की आवाजाची कंपनं फार संथ असतात, तेवढ्या लांब लाटेसाठी खंडाएवढा आरसा लागेल. हिशेब बरोबर होता. संथ आवाज वेगवान लाटेच्या पाठीवर बसवून पाठवता येतो, ही युक्ती अजून कुणाला सुचायची होती.

ती बघायला हर्ट्झ उरला नाही. १८८९ मध्ये तो बॉनला प्राध्यापक म्हणून गेला. १८९२ पासून डोकेदुखी, नाक-कानाचं दुखणं, एकामागून एक शस्त्रक्रिया. १ जानेवारी १८९४ ला तो गेला. वय ३६. मागं पत्नी आणि दोन लहान मुली. त्याच वर्षी इटलीतल्या मार्कोनी नावाच्या विशीतल्या पोरानं हर्ट्झच्या लाटांबद्दल वाचलं आणि बिनतारी संदेशाचं वेड घेतलं. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडं लाट पाठवून घंटा वाजवून दाखवली. १९२७ मध्ये तर आपल्या खडकी आणि दौंडच्या केंद्रांमधून थेट इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली.

१९३० मध्ये कंपनांच्या एककाला हर्ट्झचं नाव मिळालं. आणि तीनच वर्षांनी जर्मनीत नाझी सत्तेवर आले. हर्ट्झच्या वडिलांचं घराणं मूळचं ज्यू. संशोधक झालेल्या त्याच्या मुलीची, माथिल्डची, नोकरी गेली. त्याची पत्नी आणि दोन्ही मुली देश सोडून इंग्लंडला गेल्या. त्याचं नावही पुसून टाकायचे प्रयत्न झाले. ते पुसलं गेलं नाही. तुमच्या राउटरवर बघा, अजून आहे.

तेव्हा आज रात्री फिरायचंच असेल तर हर्ट्झसारखं फिरा. कागद घ्या, घराचा साधा नकाशा काढा, प्रत्येक कोपऱ्यात स्पीड मोजून आकडा लिहा. मग राउटर सरकवा आणि पुन्हा मोजा. फार तर अर्धा तास जाईल. उद्याचा इंटरव्ह्यू अडखळला नाही, तर त्यातलं थोडं श्रेय अंधाऱ्या हॉलमध्ये कडं घेऊन फिरणाऱ्या त्या माणसालाही द्या.