नाना शंकरशेट आणि मुंबापुरीची घडण

राजुऱ्यापासून समुद्र शेकडो कोस दूर. तरीही सागरतीरी वसलेल्या मुंबापुरीची घडण हा आपल्या ज्ञातिबांधवांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण तीत एका दैवज्ञ पुरुषाचा मोठा वाटा आहे. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच सर्वांचे नाना, यांचे अल्प चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे सादर ठेवीत आहोत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे पिढीजात व्यापारी व सधन. पेढीची पत एवढी की अरब आणि अफगाण व्यापारीही आपला ठेवा निःशंकपणे तिच्या स्वाधीन करीत. १८२२ साली वडील निवर्तले आणि ऐन तारुण्यात हा सारा भार नानांच्या शिरावर आला. विद्याप्रसाराचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. १८४९ साली मुलींच्या शाळेस त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, एवढा उल्लेख येथे पुरे.

मुंबईस आगगाडी यावी म्हणून १८४५ पासून ज्यांनी खटपट केली, त्यांत सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह नाना अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरांचा प्रवास पहिल्या गाडीने केला. पुढे घाट ओलांडून हाच लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. आपला राजुरा तालुका त्या काळी निजामाच्या मुलखात होता व चांदा जिल्ह्यात तो १९५९ साली आला; तथापि मुंबई या वनप्रदेशाच्या जवळ आली ती त्या मार्गामुळेच.

परंतु आमच्या मते नानांची थोरवी सर्वाधिक प्रकट होते ती सोनापूरच्या प्रकरणी. समुद्राच्या बाजूस असलेली हिंदूंची ही स्मशानभूमी वाढत्या वस्तीमुळे शहरात आली, तेव्हा ती तेथून उठवून शिवडीस न्यावी, असा सरकारचा विचार झाला. कागदावर नगर आखणाऱ्यास चितेचा धूर तेवढा दिसतो. तिरडीला खांदा देणारे दिसत नाहीत. गिरगाव-भुलेश्वरच्या गोरगरिबांनी भर पावसाळ्यात शिवडीपर्यंत शव वाहून न्यायचे कसे? स्वतः नानांना गाडीघोड्यांची वाण नव्हती. तरीही त्यांनी या बेतास निकराने विरोध केला आणि तो हाणून पाडला. स्मशानभूमी जागीच राहिली. धनिकाने देणगी द्यावी यात नवल नाही. आपणांस ज्याची झळ लागणार नाही अशा प्रश्नी सरकारशी वैर पत्करणारा विरळा.

१८५७ च्या उठावात त्यांचे अंग असावे, असा संशयही सरकारने घेतला. चौकशीत काहीच निष्पन्न झाले नाही, आणि १८६२ साली तेच नाना मुंबईच्या कायदे कौन्सिलात सभासद म्हणून बसले!

त्याच वर्षी भायखळ्याची राणीची बाग लोकांस खुली झाली आणि बागेशेजारी वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली. डॉ. भाऊ दाजी लाड, डॉ. बर्डवुड व नाना यांनी त्यासाठी वर्गणी जमविण्याचे श्रम घेतले होते. पुढे कापसाच्या सट्ट्याची धूळधाण होऊन मुंबईचे द्रव्यबळ आटले व काम रेंगाळले. ३१ जुलै १८६५ रोजी नाना कालवश झाले. संग्रहालयाचे दरवाजे उघडले ते १८७२ साली. १९७५ पासून त्या वास्तूस भाऊ दाजींचे नाव आहे. नानांच्या नावाचा चौक ग्रँट रोडजवळ, वडिलांनी बांधलेल्या भवानीशंकर मंदिराच्या सान्निध्यात आहे.