क्रिस्टियान डॉप्लर

क्रिस्टियान आंद्रेआस डॉप्लर (२९ नोव्हेंबर, इ.स. १८०३ - १७ मार्च, इ.स. १८५३) हे ऑस्ट्रियन गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. लहरींचा उगम आणि निरीक्षक यांच्या सापेक्ष गतीमुळे कंप्रता बदललेली आढळते, हा डॉप्लर परिणाम त्यांनी मांडला. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाच्या भिंतीसारख्या ऊतकांची हालचाल मोजण्याची एक प्रमुख पद्धत याच परिणामावर आधारलेली आहे. काही पुस्तकांत त्यांचे नाव 'योहान क्रिस्टियान' असे छापलेले आढळते. ते चुकीचे आहे.

जीवन

डॉप्लर यांचा जन्म साल्झबुर्ग येथे पाथरवटांच्या घराण्यात झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे ते वडिलोपार्जित व्यवसायात पडले नाहीत. व्हिएन्ना येथे शिक्षण होऊनही त्यांना कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी कापूस गिरणीत हिशेब लिहिले. इ.स. १८३५ मध्ये अमेरिकेला निघण्याच्या बेतात असताना त्यांना प्राग येथे शिक्षकाची जागा मिळाली.

प्राग येथेच २५ मे १८४२ रोजी त्यांनी जोडताऱ्यांच्या रंगांवरील प्रबंध वाचला. सूत्र अचूक आणि उदाहरण चुकीचे, असा हा विलक्षण प्रबंध होता. प्रकाशाच्या वेगापुढे ताऱ्यांची गती इतकी अल्प असते की त्यांचे रंग तिच्यामुळे डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. इ.स. १८४५ मध्ये बाइस बालोट यांनी नेदरलँड्समध्ये धावत्या आगगाडीवर तुतारीवादक बसवून तत्त्वाची परीक्षा घेतली. ध्वनीच्या बाबतीत ते खरे ठरले. रंगांचे स्पष्टीकरण मात्र त्यांनी नाकारले.

इ.स. १८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठातील भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. ग्रेगोर मेंडेल हे तेथे त्यांचे विद्यार्थी होते. इ.स. १८५२ मध्ये गणितज्ञ पेट्झ्वाल यांनी त्यांच्या तत्त्वावर कठोर टीका केली. त्याच सुमारास छातीच्या विकाराने खंगलेले डॉप्लर हवापालटासाठी व्हेनिसला गेले आणि तेथेच वयाच्या ४९ व्या वर्षी निधन पावले.

वैद्यकातील उपयोग

इ.स. १९५० च्या दशकात जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी हा परिणाम हृदयाच्या हालचालीसाठी वापरला. हलत्या ऊतकावरून परतलेल्या ध्वनीची कंप्रता किंचित बदललेली असते. त्या फरकावरून वेग काढतात. रक्ताचा प्रतिध्वनी क्षीण, पण वेग जास्त. स्नायूचा प्रतिध्वनी जोरकस, पण वेग कमी. या भेदामुळे दोघांचे संकेत वेगळे करता येतात. मात्र या पद्धतीत ध्वनिशलाकेच्या दिशेतील हालचालच मोजली जाते. शलाकेशी काटकोनात सरकणारे ऊतक जवळजवळ स्थिर भासते.