विश्लेषण : मोजक्या रंगांत उजेड पकडणारे चित्रकार… कोण होते विल्हेल्म हॅमरशॉय?

रिकामी खोली, बंद दार, खिडकीतून जमिनीवर उतरलेले ऊन. एवढ्याच ऐवजावर डॅनिश चित्रकार विल्हेल्म हॅमरशॉय यांनी कलेच्या इतिहासात जागा मिळवली. रंगही मोजकेच : राखाडी, पांढरा, काळा, तपकिरी.

सुरुवात नकारानेच?

त्यांचा जन्म १८६४ मध्ये कोपनहेगनचा. बहीण ॲना हिचे त्यांनी १८८५ मध्ये काढलेले चित्र अकादमीच्या पारितोषिकासाठी नाकारले गेले, तेव्हा अनेक चित्रकारांनी निषेध नोंदवला. १८८८ मध्ये शिवणकाम करणाऱ्या मुलीचे चित्रही अधिकृत प्रदर्शनाने परत पाठवले. अखेर १८९१ मध्ये नाराज चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन सुरू केले. त्यात हॅमरशॉयही होते.

घरच कसे झाले स्टुडिओ?

त्याच वर्षी त्यांचा इडा यांच्याशी विवाह झाला. १८९८ ते १९०९ हे दाम्पत्य कोपनहेगनच्या स्ट्रांडगेड रस्त्यावरील ३० क्रमांकाच्या जुन्या इमारतीत राहिले. याच घरातील खोल्या त्यांनी ६० हून अधिक वेळा रंगवल्या. अनेक चित्रांत इडा आहेत, पण बहुधा पाठमोऱ्या : काळा पोशाख आणि मानेवर पडलेला उजेड.

रंग कमी, मग परिणाम कशाचा?

भडक रंग नसला की डोळा गडद-फिक्या छटांकडे वळतो. हॅमरशॉय यांचा राखाडीही एकसारखा नसतो. कुठे तो निळसर, थंड, तर कुठे पिवळसर, उबदार. रंगाचे बारीक, तुटक फटकारे मारल्याने भिंतीवरचा प्रकाश किंचित थरथरल्यासारखा वाटतो. १९०० मधील, उन्हात नाचणाऱ्या धूलिकणांच्या चित्रात खोलीत एकही वस्तू नाही. खिडकीतून तिरपे आलेले किरण आणि जमिनीवर उमटलेली तावदानांची नक्षी हाच चित्राचा विषय. फर्निचर काढून टाकल्यामुळे प्रकाशाला जागा मिळाली.

आज महत्त्व का?

१९१६ मध्ये वयाच्या ५१व्या वर्षी घशाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नव्या कलाप्रवाहांच्या गलबल्यात ते जवळजवळ विस्मरणात गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये, तर २००८ मध्ये लंडनमध्ये मोठी प्रदर्शने भरली आणि जगाने त्यांना पुन्हा पाहिले. ज्या अबोलपणामुळे सुरुवातीला दारे बंद झाली, तोच आज त्यांच्या चित्रांसमोर लोकांना थांबवतो.