इतिहासाचार्य राजवाडे आणि घरोघरचे कागद

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा चिटणिसांचा आग्रह झाला, तेव्हा मंडळाच्या आरंभीच्या दिवसांविषयीच लिहावे असे प्रथम मनात आले. त्यासाठी जुनी इतिवृत्ते पाहावीत म्हणून कार्यालयातील कपाट उघडले. पहिल्या नऊ वर्षांची वही त्यात नव्हती. मधल्या काळात मंडळाची जागा दोनदा बदलली. त्या धामधुमीत ती कोठे राहिली हे कोणालाच सांगता येईना. पहिली सभा कोणाच्या घरी भरली हे आपण सारे ऐकून आहोत. परंतु त्या सभेस कोण कोण हजर होते, वर्गणी किती ठरली, पहिल्या गणेशोत्सवास खर्च किती आला, हे सांगणारा एकही कागद आज आपल्यापाशी नाही. लेखाचा विषय तेथेच बदलला. असे कागद नाहीसे होऊ नयेत म्हणून ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे ठरविले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण पुण्यास झाले. बी. ए. होण्यास त्यांना पुष्कळ वर्षे लागली, आणि त्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. नेमलेली पुस्तके सोडून ते इतर सारे वाचीत असत. आपल्या शाळा-कॉलेजातील अनुभवांवर त्यांनी पुढे एक दीर्घ लेख लिहिला. त्यात तेव्हाच्या शिक्षणपद्धतीचे जे वाभाडे काढले आहेत, ते वाचून माझ्यासारख्या नेमस्तपणे नेमलेलेच वाचून वेळेवर बी. ए. झालेल्या माणसाला थोडे ओशाळल्यासारखे होते. पदवीनंतर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. पण ती फार दिवस टिकली नाही. १८९२ च्या सुमारास पत्नी निवर्तली. त्या वेळी ते तिशीच्या आतच होते. पुन्हा त्यांनी लग्न केले नाही, की नोकरीही धरली नाही. १८९४ साली ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून त्यांनी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’सारखे ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग आरंभिला. तो काही वर्षांनी थांबला आणि जुने कागद त्यांच्या आयुष्यात आले.

वाईच्या एरंडे यांच्या घरी पानिपतच्या काळातील पत्रे त्यांच्या हाती लागली. ही पत्रे कोणती, हे आपण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी तरी मुद्दाम ध्यानात घ्यावे. त्यांतील पुष्कळशी उत्तरेतल्या छावण्यांतून लिहिलेली आहेत. सदाशिवरावभाऊ यमुनेच्या परिसरातून बुंदेलखंडातील गोविंदपंत बुंदेल्यांना लिहीत आहेत : ऐवज पाठवा, शत्रूची रसद तोडा, दिरंगाई करू नका. पत्रामागून पत्र जात आहे. १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे व्हायचे ते झाले. सव्वाशेहून अधिक वर्षे हा पत्रव्यवहार अंधारात पडून होता आणि पानिपतची हकीकत महाराष्ट्र बखरींतून व इंग्रज ग्रंथकारांकडून ऐकत होता. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, त्यात राजवाड्यांनी १७५० ते १७६१ या काळातील पत्रे छापली आणि त्यांना विस्तृत प्रस्तावना जोडली. ग्रँट डफच्या चुका त्यांनी एकेक करून दाखविल्या. बखरींनी गर्विष्ठ ठरविलेल्या भाऊंची बाजू मांडली, आणि गोविंदपंतांवर व मल्हारराव होळकरांवर दोषाचा भार टाकला. त्यांचे हे सर्व निर्णय पुढच्या इतिहासकारांनी मान्य केले असे नाही. पण मान्य न करणाऱ्यांनाही वाद घालण्यासाठी राजवाड्यांनी छापलेलीच पत्रे उघडावी लागली.

एक मोडी पत्र छापणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणे कठीण आहे. अक्षर धावते, शब्द एकमेकांना जोडलेले. वर पाहावे तर चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो. वर्ष पुष्कळदा नसतेच. पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असे, मग ते लिहावे कशाला? तेव्हा पत्रातील स्वारी, मृत्यू, लग्न, ग्रहण अशा उल्लेखांवरून साल ठरवावयाचे, हिजरी आणि सुहूर सनांचा शकाशी मेळ घालावयाचा आणि मग ते पत्र क्रमाने लावावयाचे. साल एकाने चुकले तर कार्याच्या जागी कारण आणि कारणाच्या जागी कार्य जाऊन बसते. राजवाड्यांच्या आधी काशिनाथ नारायण साने यांनी ‘काव्येतिहाससंग्रहा’तून बखरी व पत्रे छापली होती. वासुदेवशास्त्री खरे मिरजेस पटवर्धनांच्या दप्तरावर एकट्याने खपत होते. राजवाड्यांनी यात एक आग्रह आणला तो असा की, साधने आधी जमवावीत, जशीच्या तशी छापावीत, आणि इतिहास लिहिण्याची घाई करू नये.

हे कागद असत कोठे? पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना ते खुले नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० ते १९३४ या वर्षांत, म्हणजे राजवाड्यांच्या मागे. त्यामुळे त्यांना उरली ती लोकांची घरे. जुने सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठ आणि देवस्थाने यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेली दप्तरे पडलेली असत. त्यांना वाळवी लागे, पावसाचे पाणी झिरपे, आणि मालक कंटाळला की ती वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी जात. कित्येकजण कागद दाखवीतच नसत. दाखविले तर वतनाचा एखादा दावा उभा राहील, भाऊबंदकी उकरली जाईल, सरकारला काही कळेल, ही भीती असे. ती सर्वस्वी खोटी होती असेही म्हणता येणार नाही. अशा घरी राजवाडे पायी जात, पुनःपुन्हा जात. अंगावर बेताचे कपडे, स्वयंपाक स्वतःच्या हाताचा, मुक्काम मिळेल तेथे. पदरी संसार नव्हता म्हणून हे जमले असे कोणी म्हणेल. संसार नसलेली माणसे पुष्कळ असतात.

माझ्या आजोबांच्या घरी सातारा जिल्ह्यात असेच एक दप्तर होते. लहानपणी मी ते माळ्यावर पाहिले आहे. तांबड्या फडक्यातील चार गाठोडी होती. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा भांडी, पाट आणि उखळही मोजून वाटून घेतले गेले. गाठोड्यांची वाटणी कोणी मागितली नाही. मी तेव्हा नोकरीनिमित्त उत्तरेत होतो. सुटीवर गेलो तेव्हा माळा रिकामा होता. त्यात काय होते ते आता कधीच कळणार नाही. कदाचित सावकाराच्या पावत्यांपलीकडे काही नसेलही. परंतु राजवाड्यांनी छापलेल्या खंडांतही अशा साध्या पावत्या, निवाडे, महजर आहेत, आणि त्यांवरूनच गावगाडा कसा चाले हे आज समजते.

१८९८ पासून वीसएक वर्षांत या मालेचे २२ खंड निघाले. कोणा एका धनिकाने अगर संस्थेने हा भार उचललेला नव्हता. कोल्हापुरास विष्णु गोविंद विजापूरकर ‘ग्रंथमाला’ चालवीत, तिने काही खंड छापले. काही इतर मासिकांतून निघाले. या साऱ्या काळात राजवाड्यांना एक गोष्ट उमगली असावी : एका माणसाच्या पायांनी हे काम उरकणार नाही. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सभासदांनी जमावे, मिळालेला कागद, नाणे वा ताम्रपट सर्वांपुढे ठेवावा, त्यावर टिपण वाचावे, इतरांनी ते तपासावे आणि वर्षाअखेरीस सारे छापावे, अशी ही पद्धत. सभासदांत शिक्षक होते, वकील होते, कारकून होते. इतिहास हा त्यांच्यापैकी फारच थोड्यांचा उपजीविकेचा धंदा होता. या मंडळाच्या संग्रहात पुढे लक्षावधी कागद जमा झाले आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक, मग तो कोणत्याही प्रांताचा असो, सदाशिव पेठेतील त्या वास्तूची पायरी चढल्यावाचून राहिला नाही.

राजवाड्यांचा स्वभाव मात्र मंडळात बसणारा नव्हता. ते अत्यंत तापट होते. मतभेद झाला की मनुष्य तुटे. मंडळातल्या सहकाऱ्यांशीही त्यांचे बिनसले आणि स्वतः स्थापिलेल्या संस्थेपासून ते दूर झाले. याहून गंभीर दोष त्यांच्या दृष्टीत होता, आणि गौरवग्रंथांतून तो सांगितला जात नाही म्हणून येथे नमूद करतो. जातींच्या उच्चनीचतेविषयी त्यांची मते कर्मठ होती आणि कागद वाचताना ती मते आड येत. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी मंडळाच्या संमेलनवृत्तात जे लिहिले, त्याने तो समाज दुखावला. त्याला केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून खरमरीत उत्तर दिले. वारकरी संतांनी समाजाला निष्क्रिय केले हे राजवाड्यांचे मतही असेच एकांगी होते. जो पुरुष दुसऱ्यांच्या बखरींना कागदाच्या कसोटीवर घाशी, त्याने आपल्या ग्रहांना ती कसोटी सर्वत्र लावली नाही. सुदैवाने कागद छापलेले होते. त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांनाही ते वापरता आले.

व्याकरण, व्युत्पत्ती, समाजशास्त्र अशा अनेक क्षेत्रांत ते शिरले. १९०९ साली त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता आणि तिच्या भाषेवरून मोठा वाद झाला. विलक्षण गोष्ट ही की, त्या वादाचा निकाल जिच्यावरून लागता ती मूळ पोथीच अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. कागद जपा म्हणून महाराष्ट्रभर सांगत हिंडणाऱ्या माणसाच्या बाबतीत असे घडावे! १९२२ साली त्यांनी जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ प्रसिद्ध केला. बंगळुरास शहाजीराजांच्या दरबारी अनेक भाषांचे कवी कसे जमत याचे वर्णन त्यात आहे. परप्रांतात राहून तेथील भाषांचा आदर करणाऱ्या मराठी घराचे ते चित्र आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात असावे असे मला वाटते. १९२४ साली उत्तर कोकणासंबंधीची ‘महिकावतीची बखर’ त्यांनी संपादून काढली. विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ अपुरा राहिला. जेवढा झाला तेवढ्यानेही सनातनी मंडळी बिथरली; कर्मठ राजवाडे जुन्या ग्रंथांतून जे दिसले ते लिहिताना येथे मात्र कचरले नाहीत. हे सर्व लेखन त्यांनी निष्ठेने मराठीतच केले. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर त्यांचे नाव जावे तितके गेले नाही.

अखेरचा काळ धुळ्यास गेला. तेथे शंकर श्रीकृष्ण देव रामदासी वाङ्मयाच्या संशोधनाचे काम करीत होते. भास्कर वामन भट यांच्यासारखे स्नेही होते. राजवाड्यांच्या डोक्यात शब्दांच्या व्युत्पत्तीचे प्रचंड काम चालू होते आणि त्याच्या चिठ्ठ्या साठत होत्या. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले. वय त्रेसष्ट. मागे घर, शेत, पैसा काही नव्हते. होते ते कागदांचे ढीग.

त्या ढिगांचे काय झाले, हे या चरित्रातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रकरण आहे. राजवाडे गेल्यावर लगोलग, १९२७ साली, धुळेकरांनी त्यांच्या नावे संशोधन मंदिर स्थापन केले आणि त्यांचा संग्रह तेथे ठेवला. १९३२ पासून ‘संशोधक’ हे नियतकालिक सुरू झाले. त्यांच्या चिठ्ठ्यांवरून कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या संपादनाखाली १९३७ साली धातुकोश व १९४२ साली नामादिशब्दव्युत्पत्तिकोश निघाला. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत याच संस्थेने प्रसिद्ध केले. धुळे हे काही राजधानीचे नगर नव्हे. तेथील वकील, शिक्षक आणि व्यापारी यांनी वर्गण्या काढून हे केले. इकडे पुण्याच्या मंडळानेही, संस्थापक रागावून गेला म्हणून, त्याने आणलेले कागद टाकून दिले नाहीत.

माझी सारी नोकरी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेली. तेथे प्रत्येक फाइल किती वर्षे जपावयाची याचे तक्ते असतात आणि मुदत संपली की नष्ट करावयाच्या फाइलींच्या यादीवर अधिकाऱ्याची सही लागते. अशा कित्येक याद्यांवर मी सही केली आहे. सर्व कागद ठेवता येत नाहीत, हे खरे आहे. पण सही करण्यापूर्वी फाइल उघडून पाहण्याची सवय मला राजवाड्यांचे खंड वाचल्यानंतर लागली, आणि त्यापूर्वीच्या याद्यांचा विचार मी सहसा करीत नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीने माझ्या विनंतीवरून एक पोलादी कपाट घेण्याचे मान्य केले आहे. जुन्या सभासदांपैकी अगर त्यांच्या मुला-नातवंडांपैकी कोणाच्या घरी मंडळाची जुनी निमंत्रणपत्रे, वर्गणीच्या पावत्या, नाटकांच्या जाहिराती, गणेशोत्सवाची छायाचित्रे किंवा इतिवृत्ताची ती हरवलेली वही असेल, तर कृपया रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात कार्यालयात आणून द्यावी. ज्यांना मूळ कागद द्यावयाचा नसेल त्यांच्यासमोर त्याची नक्कल करून घेऊन तो तेव्हाच परत दिला जाईल.