एक्सप्लेनर : सूर्यावरच्या डागांवरून पाऊस कळतो का? केरूनाना छत्रेंना पडलेला प्रश्न

अकोला-अमरावतीत अक्षय्य तृतीया झाली की भेंडवळच्या घटमांडणीची चर्चा सुरू होते. यंदा पाऊस किती, कपाशी साधेल का? दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातले गणिताचे एक प्राध्यापक हवामानाचे उत्तर थेट सूर्यावर शोधत होते. ते म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना.

अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना मुंबईत प्रा. ऑर्लेबार यांच्याकडे शिकले आणि कुलाबा वेधशाळेत लागले. काम होते चुंबकीय आणि हवामान यंत्रांच्या नोंदी ठेवण्याचे. आजच्या भाषेत डेटा कलेक्शन! याच वेधशाळेने सप्टेंबर १८५९ मधले प्रचंड सौरवादळ टिपले. त्याआधी कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाने डागांच्या एका मोठ्या समूहावर झगमगाट पाहिला होता. कुलाब्याची ती नोंद शास्त्रज्ञ आजही वापरतात. केरूनाना मात्र तोवर पुण्यात प्राध्यापक झाले होते.

डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आले. जुनी पंचांगे आकाशाशी जुळत नव्हती, म्हणून १८६५ पासून त्यांच्या गणिताने पटवर्धनी पंचांग निघू लागले. सणवारांच्या तिथ्यांना हात लावणे त्या काळी सोपे नव्हते.

डाग ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतात, हे जर्मनीच्या श्वाबे यांच्या निरीक्षणांतून पुढे आले होते. १८७६-७८ च्या दुष्काळात हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याने दक्षिण भारतातले दुष्काळ या चक्राशी जोडले. डाग आणि हवामान यांचा संबंध हा केरूनानांच्याही खास आवडीचा विषय. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा हा प्रश्न सुटलेला नव्हता.

आता डाग मोजायला संगणकाचीही मदत होते. सूर्यबिंब कडेला अंधुक दिसते, म्हणून संगणक आधी फोटोतला उजेड सारखा करतो, मग भोवतालापेक्षा ठरावीक प्रमाणात काळे पिक्सेल निवडतो आणि जवळचे ठिपके एका समूहात धरतो. खरी अडचण लहान डागांची. मर्यादा सैल ठेवली तर धूळही डाग ठरते, आवळली तर खरे डाग निसटतात. कोडाईकनालच्या १९०४ पासूनच्या छायाचित्रांतले डाग असेच मोजले गेले. ‘आदित्य-एल१’वरची, पुण्याच्या आयुकाने तयार केलेली ‘सूट’ दुर्बीण आता अवकाशातून सूर्याचे फोटो काढते.

आणि पाऊस? हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ च्या सुमारास आकडे तपासले. डाग आणि पावसाचा संबंध भरवसा ठेवण्याइतका पक्का निघाला नाही. पुढे त्यांनी सदर्न ऑसिलेशन शोधले. दर उन्हाळ्यात बातम्यांत येणारा ‘एल निनो’ त्याच्याशीच जोडलेला आहे. डागांवरची नजर आता ठेवली जाते ती सौरवादळांसाठी, म्हणजे उपग्रह, जीपीएस आणि वीजवाहिन्यांच्या काळजीपोटी.