दिवाळीच्या रात्री ओलांडलेली भिंत

राखीपौर्णिमेला आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही दरवर्षी कारागृहात जातो. बंदी बांधवांना राख्या बांधायच्या, पेढा द्यायचा, चार शब्द बोलायचे आणि परत यायचं. पहिल्या वर्षी आत शिरताना माझं लक्ष सगळ्यात आधी गेलं ते तिथल्या भिंतीकडे. मान वर करून बघावी लागते हो! परतीच्या रिक्षात एका मैत्रिणीने विचारलं, की ही भिंत ओलांडून कधी कुणी गेलं असेल का? तेव्हा मला आठवले जयप्रकाश नारायण.

लोकनायक जयप्रकाश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते आणीबाणीच्या काळातले, पांढऱ्या कपड्यांतले, आजाराने थकलेले वृद्ध जेपी. पण याच माणसाने १९४२ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडली होती आणि पुढे दहा महिने इंग्रज सरकारला चकवलं होतं. म्हणजे आज आपल्यापैकी कितीतरी जणींचं जे वय आहे, त्या वयात!

जयप्रकाशांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, बिहारमधल्या सिताबदियारा गावचा. १९२० मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा ते अठरा वर्षांचे आणि प्रभावतीदेवी जेमतेम चौदा वर्षांच्या. प्रभावतींचे वडील ब्रजकिशोर प्रसाद हे वकील, चंपारणच्या सत्याग्रहात गांधीजींच्या बरोबर काम केलेले. लग्नानंतर दोनच वर्षांनी जयप्रकाश शिकायला अमेरिकेला गेले. तिथे फळबागांत राबून, हॉटेलात बशा विसळून त्यांनी शिक्षण केलं. इकडे प्रभावती साबरमतीच्या आश्रमात राहिल्या. गांधीजी आणि कस्तुरबांनी त्यांना लेकीसारखं वागवलं. तिथेच त्यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. १९२९ साली जयप्रकाश परतले ते मार्क्स वाचून, क्रांतीची भाषा बोलत. घरात मात्र चरखा आणि व्रत! पण त्यांनी पत्नीच्या व्रताचा मान राखला आणि शेवटपर्यंत पाळला. दोघांचे रस्ते थोडे वेगळे, तरी संसार एक. असं हे जोडपं.

१९३२ च्या आंदोलनात जयप्रकाशांना पकडून आपल्या नाशिकच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता असे तरुण त्यांना भेटले. त्या चर्चांतूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. पुढे १९४१ मध्ये राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ते कैदेत असताना प्रभावतीदेवी भेटायला गेल्या. त्या भेटीत पत्नीच्या हाती काही गुप्त कागद देण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पहारेकऱ्याच्या ते लक्षात आलं आणि कागद जप्त झाले. सरकारने ते वर्तमानपत्रांत छापून गाजावाजा केला. विचार करा, त्या बाईंवर त्या क्षणी काय गुदरलं असेल!

देवळीहून जयप्रकाशांची रवानगी हजारीबागला झाली. तेवढ्यात ऑगस्ट १९४२ उजाडला. चले जावची घोषणा झाली, पुढारी पकडले गेले आणि बाकीचे भूमिगत झाले. मुंबईत गवालिया टँकवर झेंडा फडकवून अरुणा असफ अली दिसेनाशा झाल्या. उषा मेहता आणि त्यांचे सोबती गुप्त रेडिओ चालवू लागले. देश पेटलेला आणि आपण आत बसलेलो, हे जयप्रकाशांना सहन होईना. त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं.

यासाठी निवडली दिवाळी. का, ते आपल्याला सांगायला नको. सणाच्या दिवशी घरातला पहारेकरीसुद्धा जरा सैल असतो! ९ नोव्हेंबर १९४२ ची काळोखी रात्र. तुरुंगात कैद्यांनी दिवाळी साजरी करायची ठरवली. गाणी, नाच, खाणंपिणं. त्या गंमतीत पहारेकरीही रमले. आणि इकडे सहा जण गुपचूप भिंतीपाशी सरकले. जयप्रकाश, योगेंद्र शुक्ल, रामनंदन मिश्र, सूरज नारायण सिंह, गुलाबचंद गुप्त आणि शालिग्राम सिंह. भिंतीला टेबल लावलं, एकाच्या खांद्यावर दुसरा चढला. धोतरं एकमेकांना गाठी मारून दोर केला होता. आपण सुती साडीला गाठ मारून मुलांसाठी झोका बांधतो ना, तसाच साधा प्रकार. त्याला धरून सहाही जण पलीकडे उतरले.

आणि इथे एक घोटाळा झाला. बूट, कपडे आणि पैसे बांधून ठेवलेलं गाठोडं आतच राहिलं! परत तर जाता येत नाही. मग थंडीत, काट्याकुट्यांच्या जंगलातून सहा जण अनवाणी निघाले. जयप्रकाशांना आधीच सायटिकाचं दुखणं. थोड्याच वेळात तळपाय फाटून रक्त येऊ लागलं. धोतर फाडून त्यांनी पायांना चिंध्या गुंडाळल्या. पाऊल टाकवेना तेव्हा धिप्पाड योगेंद्र शुक्लांनी त्यांना चक्क खांद्यावर घेतलं.

मैत्रिणींनो, ही कथा सांगताना सगळे इथपर्यंतच सांगतात. मला मात्र नेहमी प्रश्न पडतो तो आत राहिलेल्यांचा. कारण भिंत ओलांडणं हे अर्धंच काम. पळालेल्यांना दूर जायला वेळ मिळाला, तो आतल्या सोबत्यांनी मिळवून दिला. त्यांनी गाणी थांबू दिली नाहीत. जयप्रकाश आजारी आहेत, झोपले आहेत, असा बहाणा केला. दुसरा दिवस उजाडेपर्यंत अधिकाऱ्यांना पत्ताच लागला नाही. नंतर चौकशीचा जाच आपल्या वाट्याला येणार हे काय त्यांना माहीत नव्हतं? तरीही ते गात राहिले. या लोकांची नावं आपल्याला पाठ नसतात.

गया जिल्ह्यातल्या ओळखीच्या घरांत आसरा घेऊन पुढे दोन गट झाले. जयप्रकाश वेष बदलत काशीला पोचले. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं आणि तो आकडा दहा हजार रुपयांपर्यंत चढला. त्या काळात साध्या कुटुंबाने आयुष्यभरात एकरकमी पाहिले नसतील एवढे पैसे! तरी ज्या घरांत ते राहिले, तिथल्या कुणी तोंड उघडलं नाही. अशा घरात पाहुण्याला भाकरी करून वाढणारी, पायाच्या जखमा धुवायला पाणी तापवणारी आणि शेजारणीने विचारलं तर दूरचा नातेवाईक म्हणून सांगणारी बाईच असणार ना? इतिहासात तिचं नाव नाही. पण तिच्या जिभेवर ताबा नसता, तर इतिहास वेगळा झाला असता.

सगळ्यांचं नशीब सारखं नव्हतं. ज्यांच्या खांद्यावर जयप्रकाश जंगल पार करून आले, ते योगेंद्र शुक्ल डिसेंबरमध्येच पकडले गेले. आपल्याकडे २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील सोबत्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा दोन साथीदार प्राणाला मुकले आणि खांद्यात गोळी लागून दादा पुन्हा पकडले गेले. हा खेळ असा जिवाशी होता.

जयप्रकाश दिल्ली, मुंबई असे फिरत भूमिगतांना भेटले, पत्रकं लिहिली. मग नेपाळच्या तराईत कोसी नदीच्या काठी त्यांनी आझाद दस्ता उभा केला. तिथे तरुणांना शस्त्रं चालवायला शिकवत. १९४३ च्या मे महिन्यात नेपाळच्या शिपायांनी जयप्रकाश, राममनोहर लोहिया आणि इतरांना पकडून हनुमाननगरला आणलं. पण त्यांना इंग्रजांच्या हाती देण्याआधीच, हजारीबागच्या त्या सहा जणांपैकी सूरज नारायण सिंह दस्त्यातली माणसं घेऊन रात्रीच चालून गेले आणि सगळ्यांना सोडवून आणलं.

हा लपंडाव अखेर १८ सप्टेंबर १९४३ ला अमृतसर स्टेशनवर संपला. साहेबी पोशाखात, नाव बदलून ते रेल्वेने चालले असताना पोलिसांनी त्यांना डब्यातच गाठलं. लाहोरच्या किल्ल्यात त्यांना सोळा महिने ठेवलं. तासन्‌तास प्रश्न, रात्र-रात्र झोपू न देणं, असा छळ झाला. सोबत्यांची नावं मात्र त्यांनी दिली नाहीत. ज्यांनी आपल्यासाठी तोंड उघडलं नाही, त्यांचं ऋण त्यांनी असं फेडलं.

आणि या सगळ्या काळात प्रभावतीदेवी कुठे होत्या? भागलपूरच्या तुरुंगात! पती जंगलात आहे की नेपाळात, जिवंत आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. शिवाय भूमिगत होणं गांधीजींना पसंत नव्हतं आणि प्रभावती तर त्यांची मानसकन्या. मनाची किती ओढाताण झाली असेल! १९४४ च्या सुरुवातीला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. त्यांच्या सेवेसाठी प्रभावतींना तिथे आणलं गेलं. २२ फेब्रुवारीला बा गेल्या आणि प्रभावती पुन्हा बिहारच्या तुरुंगात परतल्या. त्यांनी कोणतीही भिंत ओलांडली नाही. भिंतीच्या आत राहून त्यांनी धीर धरला. हेही सोपं नाही.

एप्रिल १९४६ मध्ये जयप्रकाश सुटले. पुढे स्वातंत्र्य आलं. सत्तेची पदं त्यांनी घेतली नाहीत, विनोबांच्या भूदानात उतरले. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्यासमोर शस्त्रं टाकली. गंमत बघा, एकेकाळी तुरुंगातून पळालेला हा माणूस आता फरारी माणसांना स्वखुशीने तुरुंगात जायला तयार करत होता! पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल १९७३ ला, प्रभावतीदेवी कॅन्सरने गेल्या. पाटण्यात त्यांनी सुरू केलेली महिला चरखा समिती ही त्यांची खूण. जून १९७५ मध्ये, आणीबाणीत, जयप्रकाश पुन्हा कैदेत गेले, ते या वेळी आपल्याच सरकारच्या! मूत्रपिंडं निकामी झाल्यावर सुटका झाली आणि मुंबईच्या जसलोकमध्ये उपचार झाले. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात त्यांचं निधन झालं. हजारीबागच्या ज्या तुरुंगातून ते पळाले, त्याच तुरुंगाला पुढे त्यांचं नाव देण्यात आलं.

आता राखीपौर्णिमेला ती उंच भिंत दिसली, की मला उडी मारणारे सहा जण आठवतात. पण त्याहून जास्त आठवतात ते आत गात राहिलेले, दार उघडून आसरा देणारे आणि भागलपूरला वाट बघत बसलेली एक बाई. आपल्याही घरात, गल्लीत कुणी अन्यायाविरुद्ध उभं राहिलं, तर प्रत्येकीला भिंत ओलांडता येईलच असं नाही. पण त्याच्यासाठी दार उघडं ठेवणं आणि वेळ पडली तर तोंड बंद ठेवणं, एवढं तर आपल्याला नक्की जमेल. नाही का?