म्यूऑनच्या अभ्यासापासून तारापूरपर्यंत : डॉ. होमी भाभा

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा हे केंद्र ज्यांच्या आग्रहामुळे उभे राहिले ते डॉ. होमी जहांगीर भाभा हयात नव्हते. पालघर-बोईसरचा किनारा देशाच्या अणुनकाशावर आणणाऱ्या या शास्त्रज्ञाची जगाला झालेली पहिली ओळख मात्र अणुभट्ट्यांमुळे नव्हती. ती झाली विश्वकिरणांतील सूक्ष्म कणांच्या अभ्यासामुळे.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. मुलाने इंजिनीअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये केंब्रिजला गेलेल्या होमींचे मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. १९३० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण होऊन त्यांनी वडिलांचा शब्द राखला आणि मगच स्वतःची वाट धरली.

पुढील दहा वर्षांत त्यांनी केलेले काम आजही पाठ्यपुस्तकांत आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्परांवरील विकिरणाला त्यांचेच नाव आहे. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. त्याच सुमारास विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड असा कण सापडला होता. आज त्याला म्यूऑन म्हणतात. त्याचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. इतक्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही तो पाऊण किलोमीटर जाऊ शकणार नाही. तरीही वातावरणाच्या वरच्या थरांत जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात. वेगवान कणाचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल आणि सापेक्षता सिद्धान्ताची ती प्रत्यक्ष कसोटी ठरेल, हे भाभांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. अशा मधल्या वजनाच्या कणांसाठी ‘मेसॉन’ हे सुटसुटीत नाव सुचवणारेही तेच. पुढे म्यूऑन त्या गटातून वेगळा काढण्यात आला, नाव मात्र टिकले.

या अल्पायुषी कणाचा उपयोग पुढे रसायनशास्त्रज्ञांनाही झाला. धन म्यूऑनभोवती एक इलेक्ट्रॉन फिरू लागला की ‘म्यूओनियम’ हा अनोखा अणू तयार होतो. १९६० मध्ये त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. वजनाने हायड्रोजनच्या नवव्या हिश्शाइतका असलेला हा अणू रासायनिकदृष्ट्या हायड्रोजनसारखाच वागतो आणि नष्ट होताना आपल्या भोवतालची खबर देऊन जातो. म्हणूनच सिलिकॉन व कार्बनच्या संयुगांतील अतिक्रियाशील रेणूंवर हायड्रोजन नेमका कोठे आणि कसा जोडला जाईल, हे तपासण्यासाठी त्याचा वापर होतो. कॅनडातील व्हँकुव्हरच्या ‘ट्रायम्फ’ प्रयोगशाळेत असे प्रयोग झाले आहेत. ही शाखा भाभांनी पाहिली नाही, परंतु तिच्या मुळाशी असलेल्या कणाचा विचार करणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते.

१९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच अडकले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परत जाण्याऐवजी येथेच संस्था उभारण्याचा निर्णय घेऊन मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीकडे प्रस्ताव पाठवला. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद, १९५४ मध्ये तुर्भ्याचे केंद्र, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी असा त्यांचा झपाटा होता. या व्यापात स्वतःचे संशोधन मागे पडले. चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांची आवड मात्र त्यांनी अखेरपर्यंत जपली.

तारापूरचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या धोरणाशीच विसंगत वाटावा असा होता. नैसर्गिक युरेनियमपासून प्लुटोनियम आणि अखेरीस देशात मुबलक असलेले थोरियम, ही त्यांची त्रिस्तरीय योजना स्वावलंबनावर आधारलेली होती. तारापूरसाठी मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या दोन भट्ट्या घेण्यात आल्या. कोळशाच्या खाणी दूर, थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी हाताशी आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना वीज देणे सोयीचे, म्हणून ही जागा योग्य ठरली. अणुवीज भारतात परवडते, हे लवकरात लवकर दाखवून देण्याची भाभांना निकड होती. त्यासाठी त्यांनी परकीय इंधनावरील अवलंबित्व पत्करले.

त्याची किंमत नंतर मोजावी लागली. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळून भाभांचा मृत्यू झाला. वय अवघे ५६. पोखरणच्या १९७४ मधील चाचणीनंतर अमेरिकेने इंधनपुरवठ्यात अडचणी आणल्या. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने ती जबाबदारी घेतली.

पुढे त्याच किनाऱ्यावर भारतीय अभियंत्यांनी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या उभारल्या. त्या २००५ आणि २००६ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील ग्रामस्थांना घरेदारे सोडावी लागली. भाभांनी घाईने स्वीकारलेला परकीय मार्ग आणि मनाशी जपलेला स्वदेशी मार्ग, असे दोन्ही आज तारापूरला शेजारी-शेजारी उभे आहेत. या वारशाचा हिशेब मांडताना त्यात मेगावॉटइतकीच इंधनासाठी सोसलेली परवड आणि उठलेली गावेही धरावी लागतील.